हात आणि कान

आर्य खांबेटेने आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. शाळेत मार खाल्ला तोसुद्धा चष्मा आधी काढून खिशात ठेवून, कारण चष्मा फुटला की आई रागावायची. घरात कोळी दिसला तर हा त्याला ग्लासात धरून अंगणात सोडून यायचा. आणि असा हा गाईसारखा गरीब माणूस गेली चार वर्षं एका कापलेल्या कानावर प्रबंध लिहीत होता.

तो कान म्हणजे एक चिनी अक्षर: 取. डावीकडे कान, उजवीकडे हात. आज ते छापलेलं पाहिलं तर कान दिसत नाही आणि हातही दिसत नाही, नुसत्या आडव्याउभ्या रेघा दिसतात. पण तीन हजार वर्षांपूर्वी बैलाच्या खांद्याच्या हाडावर किंवा कासवाच्या पाठ-पोटाच्या कवचावर जेव्हा ते कोरलं जायचं, तेव्हा एक माणसाचा कान आणि त्याला धरलेली बोटं अगदी स्पष्ट असायची. लढाईत मारलेल्या शत्रूचा डावा कान कापून आणायचा आणि दाखवायचा, म्हणजे तू खरोखर मारलास हे सिद्ध झालं. मुंडकं जड, कान हलका. त्या कापलेल्या कानापासून 'घेणं' हा अर्थ आला. आता चीनमध्ये म्हाताऱ्या बायका तेच अक्षर वापरून पोस्टातून पार्सल घेतात, बँकेतून पैसे काढतात, बाळाचं नाव ठेवतात, एकमेकांची टिंगल करतात आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल करतात. रक्त केव्हाच वाळून गेलं. असं असतं शब्दांचं, त्यांना कुणी आईबाप विचारत नाही.

हे सगळं आर्य न विचारता सांगायचा, हीच त्याची खोड होती. घरच्यांना ते पाठ झालं होतं. त्याची आई शरयू न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या भिशीत मैत्रिणींना हात जोडून सांगायची, "माझ्या मुलाला कामाबद्दल विचारू नका गं, जेवण गार होईल."

पण लग्नाच्या आदल्या दिवशी, केळवणाच्या पंगतीत, होणाऱ्या जावयानेच विचारलं.

लग्न आर्यच्या धाकट्या बहिणीचं, रुहीचं. ती वॉशिंग्टन राज्यात, बेलव्ह्यूला लहान मुलांना पोहायला शिकवायची. नवरदेव अनीश मूळचा पुण्याचा, आता बेलव्ह्यूच्याच एका कंपनीत इंजिनियर, गोरापान, बोलका, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा. रुहीचे वडील मनोहर तर त्याच्यावर इतके खूश की स्वतःच्या मुलाला जे कधी दिलं नव्हतं ते गाडीचं स्टिअरिंग त्याच्या हातात दिलं होतं. लग्नासाठी म्हणून अनीशने महिन्यापूर्वी उजवा कान टोचून घेऊन भिकबाळी घातली होती आणि दर थोड्या वेळाने तो ती चाचपून बघत होता.

"आर्य, उद्या तुला माझा कान पिळायचाय, माहितीये ना?" अनीश श्रीखंडाची वाटी पुढे ओढत म्हणाला. "तू तर चायनीजवाला. कुंग फू स्टाइलने पिळणार का?"

झालं. आर्यने एक कोरी कागदी पत्रावळ उलटी केली, पेन काढलं. कान काढला, हात काढला. अक्षराचा उच्चार सांगितला: "शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा आणि तसंच ठेवून 'छी' म्हणायचं. ई आणि ऊच्या मधलं काहीतरी येतं. आणि आवाज आधी खाली न्यायचा, मग वर." सगळ्या पंगतीने ओठांचे चंबू केले. मनोहररावांच्या तोंडून कुत्र्याला हाकल्यासारखा आवाज आला आणि हशा पिकला. आर्य आणखी खुलला. जुन्या काळी, म्हणाला, आवाजाचे असे चढउतार नव्हतेच बहुधा. अभ्यासकांचा अंदाज असा की या शब्दाच्या शेवटी गळा एकदम बंद व्हायचा. कुणी नरडं दाबावं तसा. पुढे ते दाबणं गेलं आणि आवाजाचा नुसता झोका उरला.

"आणि ही गंमत बघा," असं म्हणत त्याने त्याच अक्षराच्या खाली आणखी एक आकृती काढली. 娶. "खाली ही बाई. आवाज तोच, पण अर्थ बायको करून आणणं. हे फक्त पुरुषाने करायचं. बाईने लग्न करायचं त्याला वेगळं अक्षर आहे."

"म्हणजे सरळ कान धरून आणायची!" अनीश म्हणाला आणि शेजारी बसलेल्या रुहीच्या मागून हात घालून तिचा डावा कान त्याने चिमटीत धरून ओढला. "ही अशी!"

रुही ओरडली. लाडाने, लटकं ओरडतात तसं नाही. स्वयंपाकघरातून शरयू धावत आली, इतकं खरं ओरडणं होतं ते. वाटी कलंडली, आमटी पैठणीवर सांडली, आणि क्षणभर रुहीचा चेहरा कापसासारखा पांढरा झाला.

"सॉरी, सॉरी, बेबी, विसरलो," अनीश तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. मग सगळ्यांना: "पूलमधलं इन्फेक्शन झालंय तिला कानात. मी सारखं सांगतो, जरा कमी पोह."

बायका हळदीचा, लसणीच्या तेलाचा उपाय सांगू लागल्या. पंगत पुन्हा सुरू झाली. आर्य मात्र बहिणीच्या डाव्या बाजूला बसला होता. त्याने हळूच विचारलं, "दुखतंय का गं?" रुही समोर बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. तिने आमटीचा डाग पुसला, पदर नीट केला, पलीकडच्या काकूंकडे बघून हसली. तिच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं.

संशोधनाची सवय वाईट असते. एक खूण दिसली की माणूस दुसरी शोधतो. आर्यला आठवलं की गेला महिनाभर व्हिडिओ कॉलवर ती तिरकी बसते. पूलचे फोटो टाकणं बंद झालंय. पैठणीखाली तिने लांब बाह्यांचं ब्लाऊज घातलंय, भर जुलैत.

त्याने तिला कपडे धुण्याच्या मशीनच्या खोलीत गाठलं. ती पैठणीचा डाग चोळत होती. तो मुद्दाम तिच्या उजवीकडे जाऊन उभा राहिला.

"रुही, कानाला काय झालंय?"

"दादा, इन्फेक्शन. सांगितलं ना त्याने."

"तू सांग."

मशीन चालू होतं. रुहीने डाग चोळणं थांबवलं नाही. चोळता चोळताच तिने सांगितलं, आणि सांगताना आवाज इतका सपाट होता की आर्यला वाटलं ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय. ते तळ्यावरच्या पुलावरून घरी येत होते. अनीश ड्राइव्ह करत होता. त्याची एक्झिट चुकली. ती एवढंच म्हणाली, अरे, चुकली. त्याने उजवा हात स्टिअरिंगवरून काढला आणि उघड्या पंजाने तिच्या डाव्या कानावर मारला. रस्त्यावरून नजर न हलवता. मग इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

"कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टर म्हणाले, भरेल कदाचित. कदाचित ऑपरेशन."

"असं एकदाच झालं?"

रुहीचं चोळणं थांबलं. "कानावर एकदाच."

खरं म्हणजे आर्यने तेव्हाच बाहेर जाऊन जे काय करायचं ते करायला हवं होतं. पण रुहीने ओल्या हाताने त्याचं मनगट पकडलं. "प्रॉमिस कर. आईबाबांना नाही सांगायचं. कुणालाच नाही. मी बघेन काय करायचं ते. आय विल हँडल इट. दादा, प्रॉमिस?" आणि या शहाण्याने प्रॉमिस केलं. लहानपणापासून त्या दोघांचा एक नियम होता, प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस. मांजर मेलं तेव्हा, रुही पहिल्यांदा सिगारेट प्यायली तेव्हा, याने तोंड उघडलं नव्हतं. तोंड बंद ठेवण्यात आपण फार मोठी माया करतो असं त्याला तेव्हाही वाटायचं आणि आताही वाटलं.

पण आत जे पेटलं ते बंद होईना. तो अंथरुणावर पडला आणि डोळे मिटले की अनीशचा पंजा उठायचा. मग त्याच पंजाची बोटं आर्य एकेक करून उलटी मोडायचा. अनीशचं तोंड त्या स्टिअरिंगवर आपटायचा, पुन्हा आपटायचा, दात डॅशबोर्डवर सांडेपर्यंत. अशी चित्रं आपल्या डोक्यात कुठून आली, हे त्याला कळेना. चार वर्षं कापलेले कान वाचून एकदाही मळमळलं नव्हतं. आता स्वतःच्या तळहाताचा घाम त्याला रक्तासारखा चिकट लागत होता.

सकाळी पार्सिपनीच्या हॉटेलात, हॉलच्या मागच्या खोलीत, शरयूने त्याच्या फेट्याचा शेमला नीट केला.

"लाह्या तू द्यायच्यास रुहीच्या हातात. मग गुरुजी सांगतील तेव्हा अनीशचा कान पिळायचा. हळूच हं. नुसतं धरल्यासारखं कर. तो तुला घड्याळ देणार आहे, चांगलं भारीतलं."

"आई, ते कशासाठी असतं, कान पिळणं?"

"अरे, भावाने बजावायचं नवऱ्याला. माझ्या बहिणीला नीट वागव, नाहीतर मी आहे म्हणून."

"आणि मी ते मनापासून केलं तर?"

शरयूने हसून त्याच्या गालाला हात लावला. "मग काय, त्याच्यासाठीच तर असतं ते."

आता यात त्या माउलीचा काय दोष? तिच्या स्वतःच्या लग्नात तिच्या भावाने असाच कान पिळला होता, मनोहररावांनी 'आई गं' म्हणून नाटक केलं होतं, आणि शर्टपीस देऊन सगळे जेवायला गेले होते. आपल्याकडे हे विधी असेच असतात, दात काढलेल्या वाघासारखे. भारतात वाढलेल्या माणसाला ते दात नसलेले कळतात. आर्य अमेरिकेत वाढलेला, त्याने मराठी लग्नं पाहिली होती ती फोटोंत. त्याला कुणी सांगितलं की अमुक गोष्ट अमुक कारणासाठी आहे, तर तो ती तशीच धरायचा, हाडावर कोरल्यासारखी. आणि आईने तर स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

हॉल भरला होता. होमाला हॉटेलने परवानगी दिली होती, पण आग विझवायचं नळकांडं घेऊन एक माणूस मंडपाशेजारी उभा राहील या अटीवर. तो बिचारा धूर वाढला की नळकांडं सरसावायचा आणि गुरुजी त्याला हातानेच थांबवायचे. गुरुजी आठवडाभर एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचे, त्यामुळे त्यांचे मंत्र सुटसुटीत होते आणि प्रत्येकाचा अर्थ ते इंग्रजीत एका वाक्यात सांगत. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, कन्यादान झालं. मनोहररावांनी डोळे पुसले.

आर्यने रुहीच्या ओंजळीत लाह्या घातल्या. लाह्या बाजूने सांडत होत्या. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, विस्तवाकडे बघत होती, अगदी एकटक, मनात काही मोजत असल्यासारखी. मांडवात तांदळाच्या सात राशी मांडल्या होत्या, प्रत्येकीवर सुपारी, सप्तपदीसाठी, एका ओळीत. ती सात पावलं झाली की झालं.

"आता ब्राइड्स ब्रदर," गुरुजी माइकवर म्हणाले. "धिस इज अ फन वन. भावाने उजवा कान पिळायचा."

फोटोग्राफर पुढे सरसावले. मुलांनी शिट्ट्या मारल्या. अनीशने हसत मान तिरकी करून कान पुढे केला आणि घड्याळाचं खोकं हातात तयार ठेवलं. "ब्रो, भिकबाळी सांभाळून."

आर्यने कान धरला. तो गरम होता. त्याला आश्चर्य वाटलं की माणसाचा कान इतका मऊ असतो, चार वर्षांत ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नव्हती. त्याने पिळला. हॉल हसला. त्याने आणखी पिळला. हॉल आणखी हसला, कुणीतरी "सोडू नकोस रे" म्हणून ओरडलं. अनीशनेही "आई आई" करून दाखवलं. मग त्याने हसू तसंच ठेवून दातांतून म्हटलं, "ओके. इनफ."

आर्य त्याच्या तोंडाजवळ वाकला. "तिला कुठल्या कानाने ऐकू येत नाही, ते सांग."

अनीशच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. ते तिथेच थिजलं. "सोड."

"कुठल्या कानाने?"

"तुझ्या बहिणीला विचार ना, सगळं सांगत बसलीये तर." आणि मग अगदी हळू: "आजचा दिवस संपू दे. बघतो मी तिच्याकडे."

यापुढचं आर्यला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं त्याची त्याला किळस येते. बोटांनी आपलीआपणच मूठ वळली. मुठीत कान होता, कानात भिकबाळी होती, आणि मूठ खाली आली. ओलं कापड फाटावं तसा आवाज झाला. अनीश किंचाळला, पाटावरून उलथला, घड्याळाचं खोकं विस्तवाच्या कडेला जाऊन पडलं. रक्त आधी पांढऱ्या उपरण्यावर पडलं, मग मुंडावळ्यांवर, मग लाह्यांवर. नळकांडेवाला माणूस दोन पावलं पुढे आला आणि आपण काय विझवायचं हे न कळून तिथेच उभा राहिला.

अनीश उठला तो ठोसा घेऊनच उठला. पहिला आर्यच्या तोंडावर बसला. समोरचा दात आत वळला, तोंड खारट झालं. दुसरा नाकावर बसला. काहीतरी कडकन मोडलं आणि डोळ्यांसमोर पांढरं झालं. आर्य पडला नाही. त्याने मान खाली घालून अनीशच्या पोटात डोकं खुपसलं आणि दोघे सप्तपदीच्या राशींवर आदळले. वर अनीश, खाली आर्य. मग वर आर्य. त्याने मारलं. कसं मारायचं हे माहीत नसलेला माणूस मारतो तसं, उघड्या हाताने, कोपराने, जिथे लागेल तिथे, मारताना स्वतःच रडत. अनीशच्या मित्रांनी त्याला मागून ओढलं, एकाने बरगडीत लाथ घातली, दुसऱ्याने फेट्यासकट केस धरले. बायका किंचाळत होत्या. अनीशची आई चारुताबाई "पोलीस नको, पोलीस नको, तो व्हिसावर आहे" असं ओरडत होत्या, पण हॉटेलवाल्यांनी केव्हाच फोन केला होता.

मोकळा झालेला अनीश पुन्हा आर्यवर धावला. त्याने उजवा हात उगारला, पंजा उघडा.

आणि त्याच क्षणी, चार हात लांब उभ्या असलेल्या रुहीने दोन्ही हातांनी डावा कान झाकला आणि ती गुडघ्यांवर बसली. तिला कुणी शिवलं नव्हतं, तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. हिरवा चुडा तेवढा खळकन वाजला.

शरयूने ते पाहिलं. आधी तिने मुलीच्या कानावरचे हात पाहिले, मग जावयाचा उगारलेला पंजा. असं काही कळायला आईला प्रबंध लागत नाही. ती उठली, होमाशेजारची तुपाची पळी तिने उचलली आणि अनीशच्या त्या मनगटावर हाणली. मग पुन्हा हाणली. "हात खाली," ती म्हणाली, "खाली घे तो हात," आणि तिसऱ्यांदा हाणली तेव्हा मनोहररावांनी तिला मिठी मारून मागे खेचलं. "शरयू, लोक बघतायत गं," ते म्हणत होते. "सप्तपदी राहिलीये. गुरुजी, होऊन जाऊ दे, मग बघू." माणूस वाईट नव्हता. पण काही माणसांना घर जळतानाही पाहुण्यांच्या चहाची काळजी असते.

पोलीस दोन आले, एक बाई आणि एक पुरुष. शंभर जणांनी शंभर फोन पुढे केले. सगळ्यांत एकच चित्रण: नवरदेव हसत मान पुढे करतोय आणि मेहुणा त्याचा कान फाडतोय. "ऑफिसर, इट इज अ ट्रॅडिशन," कुणी काका समजावत होते, "द ब्रदर हॅज टू ट्विस्ट द इयर." पुरुष पोलिसाने त्या फाटलेल्या कानाकडे, मग काकांकडे पाहिलं आणि कमरेच्या बेड्या काढल्या.

"तुम्ही असं का केलंत?" त्याने आर्यला विचारलं.

आर्यने तोंडातला दात जिभेने चाचपला. उत्तर समोर होतं. ते दिलं असतं तर कदाचित बेड्या थांबल्या असत्या. पण प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस. ज्या माणसाने नुकताच एकाचा कान फाडला होता, तो आता वचन पाळत होता. "मला राग आला," तो म्हणाला. मनगटं मागे गेली आणि कडी लागली.

बाई पोलीस रुहीकडे गेली. ती तिच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि विचारलं, "मॅम, तुम्हाला काही सांगायचंय का?" रुही समोर बघत होती. तिने पुन्हा विचारलं. चारुताबाईंनी हात जोडले होते. मनोहरराव मान हलवून नको नको म्हणत होते. सगळ्यांना वाटलं, मुलगी गप्प राहणार.

मग रुहीने मान वळवली. "या बाजूने या, प्लीज," ती इंग्रजीत म्हणाली, जरुरीपेक्षा मोठ्याने, कारण आपला आवाज किती मोठा येतो हे तिला आता कळत नसे. "त्या कानाने मला ऐकू येत नाही. त्याने मारलं म्हणून." आणि तिने बोट दाखवलं. मग लांब बाह्या वर केल्या, एक, आणि दुसरी. दंडांवर जुने पिवळे आणि नवे जांभळे डाग होते, बोटांच्या आकाराचे, मोजता येतील असे. पुढच्या रांगेतल्या बायकांच्या तोंडून 'अगं बाई' निघालं ते विझल्यासारखं निघालं.

अनीशला अॅम्ब्युलन्समध्ये घातलं, सोबत पोलीस बसला. बाई पोलीस रुहीला म्हणाली की मारहाण वॉशिंग्टनमध्ये झाली, तर तक्रार तिथे द्यावी लागेल, पण मी सगळं लिहून घेते. रुही म्हणाली, देईन, उद्याच्या फ्लाइटने जाऊन देईन. एका दमात म्हणाली. आपल्या बहिणीचा असा आवाज आर्यने कधी ऐकला नव्हता.

त्याला बाहेर पार्किंगमध्ये पोलिसांच्या गाडीत मागे बसवलं. नाकातून अजून गळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. तरी त्याच्या पोटात एक उबदार, जवळजवळ आनंदाची गोष्ट पसरत होती. सुटली ती. मी सोडवली.

रुही आली. मुंडावळ्या तिने काढून टाकल्या होत्या. काच अर्धी खाली होती. ती वाकली आणि त्याला वाटलं ती रडेल, किंवा थँक यू म्हणेल.

"मी तुला काय सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"रुही, तो म्हणाला, बघतो मी तिच्याकडे. त्याने..."

"मी तुला काय सांगितलं होतं, दादा?" ती रडत नव्हती. "लाह्या दिल्यास ना तू हातात, तेव्हा मी ठरवत होते. उठायचं. त्या सुपाऱ्यांवर पाय ठेवायचा नाही. सगळ्यांच्या समोर नाही म्हणायचं, आय वॉज काउंटिंग इन माय हेड. कदाचित उठले असते. कदाचित नसते उठले, घाबरून चालले असते सात पावलं. आता मला कधीच कळणार नाही. आयुष्यभर लोक म्हणणार, भावाने सोडवलं. मीसुद्धा तेच म्हणणार. माझ्याजवळ तेवढं एकच होतं आणि ते तू घेतलंस."

आर्य काचेकडे सरकला, बेड्या पाठीत रुतल्या.

"आणि आतमध्ये तू त्याच्यावर बसला होतास ना," ती हळू म्हणाली, "तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. तुझ्या त्या अक्षरात खाली एक बाई काढलीस काल. तिला तिथे कुणी काही विचारलंय का? त्यानेही नाही विचारलं. तूही नाही."

ती सरळ झाली. आईने लांबून हाक मारली होती, गाडी दारात आणली होती. रुही तिकडे वळली तेव्हा डावी बाजू गाडीकडे आली.

"सॉरी," आर्य म्हणाला. आत वळलेल्या दातामुळे शब्द धड उमटला नाही. त्याने पुन्हा म्हटलं, ओरडून म्हटलं. ती चालत आईच्या गाडीपर्यंत गेली, दार उघडून पुढच्या सीटवर बसली आणि तिने बेल्ट लावला.